लव्हाळा : खुरपणीला पुरून उरणारा

डहाणू व तलासरी तालुक्यांत पावसाळा सुरू झाला की बांधावर, परसात आणि भाजीच्या वाफ्यांत एक गर्द हिरवे, चकचकीत पात्यांचे 'गवत' उगवते. उपटले तरी आठवडाभरात ते पुन्हा डोके वर काढते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते गवत नव्हेच. मुस्तक कुलातील (सायपेरेसी) ही बहुवर्षायू वनस्पती लव्हाळा किंवा मोथा या नावांनी ओळखली जाते. लिनियसने १७५३ मध्ये तिला सायपेरस रोटंडस हे शास्त्रीय नाव दिले. तुकोबांच्या अभंगात लव्हाळा नम्रतेचे उदाहरण ठरला असला, तरी शेतकऱ्याचा अनुभव वेगळा आहे.

ओळख सोपी आहे. दांडा दोन बोटांत फिरवून पाहावा. गवताचा दांडा गोल, पेरांचा आणि बहुधा पोकळ असतो. लव्हाळ्याचा तिधारी, भरीव व बिनपेरांचा. पाने बुडाशी तीन रांगांत येतात. वीत-दीड वीत उंचीच्या दांड्याच्या टोकाला तांबूस-जांभळट कणिशकांचा तुरा आणि त्याखाली पानांसारखे दोन ते चार छद असतात. बी धरते, पण फारसे रुजत नाही.

खरा पसारा जमिनीखाली असतो. रोपाच्या बुडापासून निघणाऱ्या बारीक मूलक्षोडांवर ठरावीक अंतराने गाठी धरतात. त्या आधी पांढऱ्या व मऊ, पुढे काळपट, कठीण आणि सुगंधी होतात. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटरांच्या थरात सापडतात. अखंड साखळीत टोकाची गाठ अंकुरते आणि तिच्या वर्चस्वामुळे मागच्या गाठी बव्हंशी सुप्त राहतात. खुरप्याने किंवा रोटाव्हेटरने साखळी तुटली की हे वर्चस्व संपते आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ नवे रोप होऊ शकते. भर पावसात, ओल्या मातीत केलेल्या खुरपणीची मजुरी अनेकदा लव्हाळ्याचीच लागवड करून जाते. वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागदही त्याचा टोकदार कोंब भेदून वर येतो.

ऊन हे त्याचे बळ. मका, उसाप्रमाणे लव्हाळाही कडक उन्हात व उष्ण हवेत वेगाने अन्न तयार करणाऱ्या 'सी-४' गटातला आहे. सावलीत तो खंगतो. म्हणूनच २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवड चिकूच्या जुन्या, दाट बागांना त्याचा उपद्रव कमी. नव्या लागवडीत, झाडांमधली जागा उघडी असताना मात्र तो फोफावतो. भातखाचरातील साचलेले पाणीही त्याला मानवत नाही. तेथे दिसणारे सायपेरस इरिया आणि सायपेरस डिफॉर्मिस हे त्याचे भाऊबंद वर्षायू असून बियांवर वाढतात, त्यामुळे बी धरण्यापूर्वी उपटले तर पुरेसे होते. हा भेद न ओळखता एकच उपाय सर्वत्र करणे व्यर्थ आहे. पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावरील नाचणी-वरईच्या शेतात गाठ पडते ती मुख्यतः लव्हाळ्याशीच.

गाठींचे वर्म कोरडेपणात आहे. एप्रिल-मे महिन्यांत नांगरटीने उघड्या पडलेल्या गाठी उन्हात वाळून मरतात; वेचून काढल्यास अधिक चांगले. ओल टिकून राहणाऱ्या बागायती रानात हा उपाय तितका चालत नाही. चिकूची मुळे उथळ असल्याने बागेत खोल नांगरटही करता येत नाही. तेथे दाट वाढणारे आच्छादन पीक घेऊन सावली धरावी लागते. पाने जाळणाऱ्या तणनाशकाने वरचा पाला तेवढा जातो, गाठी शाबूत राहतात.

याच गाठींना आयुर्वेदात 'मुस्ता' म्हणतात. ज्वर, अतिसार व अपचनावर त्यांचा उपयोग सांगितला असून तापात दिल्या जाणाऱ्या षडंगोदकातील सहा द्रव्यांत मुस्ता आहे. वापरण्यापूर्वी गाठींवरची तंतुमुळे काढून त्या वाळवतात. बाजारात 'नागरमोथा' म्हणून मिळणारा माल मात्र नेहमी लव्हाळ्याचाच असतो असे नाही; सायपेरस स्कॅरिओसस या ओलसर जागी वाढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गाठीही त्याच नावाने विकल्या जातात.