अनध्याय

गोदातीरीं वसलेलें पैठण हें छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील प्राचीन विद्याक्षेत्र. तेथील शास्त्र्यांच्या निर्णयाला एके काळीं महाराष्ट्रभर मान होता. अशा क्षेत्रीं वेदपाठ ज्या धर्मशास्त्राच्या आज्ञेनें चाले, त्यांत शिकण्याप्रमाणेंच न शिकण्याचेही नियम सविस्तर सांगितले आहेत. त्यांस अनध्याय म्हणत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या या तिथींस पाठ बंद. अमावास्येचें अध्ययन गुरूच्या जिवावर उठतें आणि चतुर्दशीचें शिष्याच्या, असें मनुस्मृति बजावते! याज्ञवल्क्यानें याखेरीज 37 तात्कालिक अनध्याय मोजले आहेत. धुळीचें वादळ उठलें, कोल्हा ओरडला, दुर्गंधि आली, फार काय, घरीं शिष्ट पाहुणा आला, तरी पाठ थांबवावा. हें शेवटचें कलम शिष्यांना विशेष प्रिय असलें पाहिजे.

या नियमांमागील कारणें बहुतांशीं धार्मिक होतीं. शिवाय वेदाध्ययनाचा अधिकारच मूठभरांना. तेव्हां ही विश्रांतिही मूठभरांचीच. तथापि ती गुरूची मेहेरबानी नव्हती. तिथि आली कीं गुरूलाही गप्प बसावें लागे.

पुढें शाळा सर्वांसाठीं उघडल्या, पण ओझेंही वाढलें. निजामी राज्यांत माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूंतून चाले. मराठी घरांतील मुलाला विषयाआधीं भाषेशींच झुंजावें लागे. औरंगाबादेस 1915 सालीं स्थापन झालेल्या सरस्वती भुवन संस्थेचें महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानीं येतें. 1993 सालीं यशपाल समितीनें सांगितलें तेंही हेंच: दप्तराच्या ओझ्यापेक्षां न समजण्याचें ओझें अधिक घातक.

विश्रांति हा बालकाचा हक्क आहे, असें म्हणणारा आंतरराष्ट्रीय करार भारतानें 1992 च्या डिसेंबरांत मान्य केला. महाराष्ट्र शासनानें 2015 सालीं दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मर्यादित केलें. 8 फेब्रुवारी 2024 रोजीं तर झोपेचाच विचार झाला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत, असा आदेश निघाला. पाचवीच्या मुलाची झोप मात्र त्यांत बसली नाहीं. शिकवणीच्या वर्गांसाठीं केंद्र सरकारनें त्याच वर्षाच्या जानेवारींत निराळीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं होतीं. त्यांत साप्ताहिक सुट्टी तर आहेच, पण सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीं परीक्षा घेऊं नये, असेंही कलम आहे. अमावास्येला लागून प्रतिपदाही मोकळी सोडणाऱ्या स्मृतिकारांना तें पटलें असतें. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोंपविली गेली.