निळीची पुडी

आमच्या लहानपणी मेहरूणमध्ये ‘घराला रंग कुठला द्यायचा?’ असा प्रश्नच नव्हता. रंग द्यायचा म्हणजे चुना द्यायचा. भट्टीचा चुना आणायचा, पिंपात टाकायचा आणि वर पाणी ओतून तो ‘विझवायचा’. म्हणायचं विझवणं, पण पाणी चहाच्या आधणासारखं रटरटा उकळायचं. अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक. तरी पाहुणा भिंतीला टेकून उठला, की त्याच्या पाठीवर भेटीची पावती मिळायचीच.

शेवटी निळीची पुडी. चिमूटभर घातली, की चुन्याचा पिवळटपणा लपून भिंत धोतरासारखी पांढरी दिसते. हात सैल सुटला की खोली निळी. तेव्हा बऱ्याच घरांचे हात सैल सुटत.

पण मंडळी, ही पुडी फार मोठ्या घराण्यातली आहे. आमच्यापासून साठेक किलोमीटरवर अजिंठा. पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, तिथल्या भिक्षूंच्या राहत्या विहारांना आतून रंग दिले गेले. पद्धत ओळखीचीच: खडकावर तूस घातलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात. गेरू, पिवळी माती, काजळी, सगळे साधे रंग. निळा मात्र लाजवर्द नावाचा दगड कुटून काढत, आणि तो दगड पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा! सोळावं लेणं कोरवलं हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं. असे दाते असले म्हणजे बदख्शानही परवडतं. आमच्या पणजोबांच्या ओळखीत मंत्री नव्हता.

युरोपात तर हा निळा सोन्याच्या तोलानं विके. तेव्हा १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेनं, असाच निळा स्वस्तात करून दाखवील त्याला ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. १८२८ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त गिमे यांनी ते पटकावलं. साहित्य काय? चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा, भट्टीत भाजलेले. तयार झाला तो रसायनानं लाजवर्दाचा सख्खा भाऊ. कपड्यांच्या निळीची पूड ती हीच. नाव नीळ या झाडाचं, माल गिमेसाहेबांचा. शिवाय चुन्यात टिकणारा. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला प्रशियन निळा चुन्याच्या सहवासात तपकिरी पडतो. काही माणसं संसारात पडतात तशी!

म्हणजे अजिंठ्यात ज्याच्यासाठी डोंगर ओलांडावे लागले, तो रंग वाण्याच्या दुकानात मिठाशेजारी येऊन बसला. आणि पाणी? अजिंठ्याच्या पायथ्याशी वळसा घेणारी वाघूर पुढं धरणात अडते आणि नळानं जळगावात येते. पाणीसुद्धा त्याच घराण्यातलं.

हा सगळा इतिहास मी यंदा दिवाळीआधी घरात सांगितला. कुणी ऐकला नाही, कारण घरात शेडकार्ड आलं होतं. शेडकार्ड ही रंगांची पत्रिका. गुण जुळतात, घर जुळत नाही. चिरंजीवांना राखाडी हवा. सौ. म्हणाली, “पैसे मोजून भिंत मळकी कशाला करायची?” सूनबाईंनी ‘ऑफ व्हाइट’ सुचवला, म्हणजे पांढराच, पण कबूल न करणारा.

आई एवढंच म्हणाली, “मनी खोली निळीच ऱ्हाऊ दे.”

तिची खोली जुन्या भागातली, मातीच्या भिंतींची. अशा भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. वर प्लास्टिकचा रंग बसवला की ती आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. हे मी चिरंजीवांना पटवलं. खरं कारण मात्र वेगळं होतं.

गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड अडवून धरतं. भिंग बदललं की तो परत येतो. पट्टी निघाल्यावर आई खोलीत आली, भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “रंग कधी दिला रे?”

चार वर्षांत त्या भिंतीला कुणी कुंचला लावला नव्हता.

हॉलचं भांडण अजून मिटलेलं नाही. आईच्या खोलीसाठी चुना मात्र भिजत पडलाय. नीळ किती घालायची, ते ती पलंगावर बसून स्वतः सांगणार आहे.