श्रद्धेचे गूढ आणि मालिकेचे रहस्य

चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ (१९६६) ज्या वेंगुर्ल्याच्या मुलखातून आली, तो १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्याच दक्षिण कोकणात घडणाऱ्या ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) या मालिकेचा विचार या पूर्वपरंपरेसह करावा लागतो. मालवणी बोली, गाऱ्हाणे आणि नाईक घराण्यातील जमिनीचा कलह यांच्या गुंफणीत मालिकेचे बळ आहे. भय तेथे कुटुंबाच्या इतिहासातून उपजते. अण्णांचा भूतकाळ मांडणाऱ्या २०१९ च्या पर्वाने हे अधिक ठळक केले. २०२१ च्या पर्वात मात्र अण्णा भूत होऊनच वावरतात आणि मर्यादा उघड होते. खानोलकरांच्या नायकाला दैवी संकेताचा अर्थ स्वतःच लावावा लागतो व त्याची किंमतही मोजावी लागते. मालिकेत संकेत केवळ उत्कंठा वाढवतो; श्रद्धेविषयीचा प्रश्न विचारलाच जात नाही.