पत्त्यासकट

"काय? तुला हे माहीत नाही?"

कुठल्याही गोष्टीच्या वेड्या चाहत्याने हे वाक्य आयुष्यात एकदा तरी उच्चारलेलं असतंच. त्यातला 'काय?' लांबवला की समोरचा निम्मा खचतो, आणि भुवया वर गेल्या की उरलेला निम्मा. रँडल मन्रो या अमेरिकन चित्रकाराने २०१२ साली आपल्या 'एक्सकेसीडी' या वेबकॉमिकमध्ये या वाक्याचं चक्क गणित मांडलं. अमेरिकेत वर्षाला साधारण ४० लाख मुलं जन्माला येतात. समजा एखादी गोष्ट तिथल्या प्रत्येकाला तिशीपर्यंत कळतेच. मग रोज जेवढी मुलं जन्मतात, सरासरी तेवढेच लोक रोज ती गोष्ट पहिल्यांदा ऐकत असणार. म्हणजे दिवसाला सुमारे १० हजार. समोर उभा आहे तो आजच्या १० हजारांपैकी एक, मग त्याला हसण्यापेक्षा ती गोष्ट दाखवण्यातच जास्त मजा नाही का, असा त्या कॉमिकचा सूर.

गणित साधं आहे, पण ज्या जगात ते मांडलं गेलं त्याचा इतिहास तितका साधा नाही. कॉमिक्स आणि विज्ञानकथांच्या चाहत्यांनी नवख्यांना कसं आत घेतलं (आणि कधी कसं बाहेर ठेवलं), ही गोष्ट वेबकॉमिकच्या कितीतरी आधी सुरू होते. तिच्या मुळाशी एक अगदी किरकोळ संपादकीय निर्णय आहे.

ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेम्बर्गहून अमेरिकेत आलेला, रेडिओच्या सुट्या भागांचा धंदा करणारा माणूस. एप्रिल १९२६ मध्ये त्याने 'अमेझिंग स्टोरीज' नावाचं, केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं. पुढे त्यात वाचकांच्या पत्रांचा विभाग आला, आणि पत्रांखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापला जाऊ लागला. घर नंबर, रस्ता, गाव, सगळं. तोवर असल्या गोष्टी वाचणारं पोर आपल्या गावात एकटंच असायचं. आता त्याला दिसलं, की तीन रस्ते सोडून आणखी एक येडा राहतो. पोस्टाचं तिकीट लावलं की काम झालं.

या पत्त्यांनी काय काय घडवलं याची यादी केली तर विश्वास बसत नाही. क्लीव्हलँडचा जेरी सीगल हा पोरगा असाच पत्रलेखक. त्याने जो शूस्टर या शाळेतल्या मित्राला हाताशी धरून हौशी मासिक काढलं, आणि १९३८ मध्ये या जोडीचा सुपरमॅन छापून आला. न्यूयॉर्कमध्ये ज्युलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वाइसिंगर या दोन पोरांनी १९३२ मध्ये 'द टाइम ट्रॅव्हलर' नावाचं असंच हौशी मासिक काढलं. हे दोघंही पुढे डीसी कॉमिक्सचे संपादक झाले. श्वार्ट्झचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

पण पत्ते सापडले म्हणून लगेच गोकुळ नांदलं असं नाही. २ जुलै १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. जागतिक म्हणायचं, माणसं सुमारे २००. आणि त्या पहिल्याच दिवशी संयोजकांनी सहा जणांना दारातून परत पाठवलं! राजकारणाने डावीकडे झुकलेला 'फ्यूचरियन' नावाचा गट होता. ते येऊन गोंधळ घालतील, पत्रकं वाटतील अशी संयोजकांना भीती. बाहेर राहिलेल्यांत फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वॉल्हाइम आणि सिरिल कॉर्नब्लथ होते. त्याच गटातला १९ वर्षांचा आयझॅक असिमोव मात्र आत जाऊन बसला. पुढच्या काळात विज्ञानकथेतली मोठी नावं झालेली माणसं दारात अडवली गेली, आणि अडवणारे कोण, तर त्यांच्याच वयाची, त्यांच्यासारखीच पत्रं लिहिणारी पोरं. जमात अजून धड दहा-बारा वर्षांचीही नव्हती आणि तिच्यात जातबाहेर काढणं सुरू झालं होतं. मला या प्रसंगाचं दर वेळी नवल वाटतं. शाळेत ज्यांना कुणी खेळायला घेत नाही, त्यांनाच आपल्या खेळाचे नियम इतके कडक का करावेसे वाटतात? असो.

आता १९६१. मधल्या काळात कॉमिक्सवर साडेसाती येऊन गेली होती. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं सांगणारं पुस्तक १९५४ मध्ये आलं. त्याच वर्षी प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. काही गावांत कॉमिक्सच्या होळ्याही झाल्या होत्या. अशा वेळी एखाद्या मोठ्या माणसाने 'मी कॉमिक्स वाचतो' म्हणणं म्हणजे लाज सोडणंच. जेरी बेल्स हा डेट्रॉइटच्या विद्यापीठात शिकवणारा प्राध्यापक, पण लहानपणी वाचलेल्या 'ऑल-स्टार कॉमिक्स'चं वेड काही जात नव्हतं. त्याने ते लिहिणाऱ्या गार्डनर फॉक्सला पत्रं लिहून त्याच्याकडचे जुने अंक विकत घेतले. १९६० च्या अखेरीस मिझुरीहून रॉय थॉमस नावाच्या विद्यार्थ्याचं तसंच पत्र फॉक्सकडे आलं. फॉक्स म्हणाला, माझे अंक मी विकले, तू बेल्सला लिही.

या एका उत्तरावर पुढचं सगळं उभं आहे. फॉक्सला त्या पत्राकडे सहज काणाडोळा करता आला असता.

बेल्स फेब्रुवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन श्वार्ट्झला भेटला, आणि श्वार्ट्झने त्याला आपल्या पोरवयातल्या हौशी मासिकांच्या गोष्टी सांगितल्या. मार्चमध्ये बेल्सने 'ऑल्टर-ईगो'चा पहिला अंक काढला. छापखाना वगैरे काही नाही. स्पिरिट डुप्लिकेटरवर, जांभळ्या शाईत. पण अंक पाठवायचा कुणाला? इथे श्वार्ट्झने तीस वर्षांपूर्वीची युक्ती बाहेर काढली. आपल्या कॉमिक्समधल्या पत्रांखाली त्याने पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली, आणि बेल्स ते पत्ते उतरवून त्या लोकांना लिहू लागला. गर्न्सबॅकने ज्याला आत घेतलं होतं, त्याने तेच दार आता दुसऱ्यांसाठी उघडं ठेवलं. रॉय थॉमस पुढे मार्व्हलमध्ये गेला आणि १९७२ मध्ये मुख्य संपादक झाला.

मार्व्हलच्या स्टॅन लीने हाच धागा उचलला, पण त्याची तऱ्हा वेगळी. बेल्स वाचकाला संशोधक समजायचा, ली त्याला पाहुणा समजायचा. पत्रांना गप्पांची उत्तरं, १९६४ मध्ये जाहीर झालेलं, एका डॉलरमध्ये सभासदत्व देणारं मंडळ, चूक शोधणाऱ्याला 'नो-प्राइझ' म्हणून चक्क रिकामं पाकीट! कथा मागच्या अंकावर अवलंबून असेल तर चौकटीत फुलीची खूण आणि खाली 'अमुक अंक पाहा'. प्रत्येक कॉमिक हे कुणाचं तरी पहिलंच कॉमिक असतं, असं काहीतरी लीच्या नावावर सांगितलं जातं. ते त्याने नेमकं कसं म्हटलं ते राहू द्या, अंक मात्र तसेच काढले. (ती तळटीप विक्रीचीही युक्ती होती, हे उघड आहे. पण आतिथ्यात थोडा धंदा मिसळला म्हणून चहा कडू होत नाही.) १९६३ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या २० व्या अंकात न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या एका पोराचं पत्र छापून आलं. पत्ता वाचून त्याच्याकडे हौशी मासिकं येऊ लागली आणि तो त्यांत गोष्टी लिहू लागला. त्याचं नाव जॉर्ज आर. आर. मार्टिन.

वेबकॉमिक आल्यावर पत्त्याचा प्रश्न सुटला आणि दुसराच उभा राहिला. 'स्लगी फ्रीलान्स' १९९७ मध्ये सुरू झालं, 'पेनी आर्केड' १९९८ मध्ये. छापील कॉमिकचे जुने अंक मिळत नसत म्हणून नवखा अडायचा. इथे सगळे जुने भाग समोर असतात, फुकट, आणि तेच अंगावर येतात. अँड्र्यू हसीचं 'होमस्टक' २००९ ते २०१६ चाललं आणि ८ हजारांहून जास्त पानं झाली. त्याच्या चाहत्याला 'कुठून सुरू करू?' विचारलं तर तो प्रामाणिकपणे 'पहिल्या पानापासून' म्हणणार. दुसरं म्हणणार तरी काय बिचारा!

मन्रोचं 'टाइम' हा तर याचा कळस. २५ मार्च २०१३ रोजी एक चित्र आलं: समुद्रकिनारी बसलेली दोन काडीमाणसं. आधी दर अर्ध्या तासाने आणि काही दिवसांनी दर तासाला त्या जागी नवं चित्र येत गेलं, जुनं नाहीसं होत गेलं. जुलैच्या अखेरीपर्यंत ३,०९९ चित्रं! रात्र रात्र जागणाऱ्या वाचकांची आपली एक बोलीच तयार झाली. दोन चित्रांमधल्या वेळाला ते 'न्यूपिक्स' म्हणत आणि त्यातच वेळ मोजत. मे महिन्यात येऊन टपकलेल्याला त्यातलं ओ की ठो कळणं शक्य नव्हतं. पण याच जागरणवाल्यांनी प्रत्येक चित्र जपून ठेवलं आणि पहिल्यापासून सरकवत बघता येईल अशी सोय केली. उशिरा येणाऱ्याला किनाऱ्यावरच्या त्या दोघांपासून सुरुवात करता आली. २०१४ मध्ये या कॉमिकला ह्यूगो पुरस्कार मिळाला. ह्यूगो म्हणजे तोच, गर्न्सबॅक.

याच मन्रोची त्याआधीची एक गोष्ट मला या सगळ्यात जास्त आवडते. मार्च २००७ मधल्या एका कॉमिकात एका माणसाला स्वप्नात एक मुलगी काही आकडे सांगते. ते निघतात अक्षांश-रेखांश आणि पुढची एक तारीख. तो त्या दिवशी तिथे जातो. कुणीच येत नाही. कॉमिक संपलं. पण ते आकडे खरे होते, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या एका छोट्या बागेचे, आणि तारीख होती २३ सप्टेंबर २००७. त्या दुपारी तिथे शेकडो वाचक जमले. मन्रोही आला. कोण कधीपासून वाचतोय, कुणाला किती कॉमिक्स पाठ आहेत, हे विचारायला दारात कुणी नव्हतं, कारण बागेला दारपाल नसतो. चित्रात गावाचं नाव कुठेच नव्हतं, नुसते आकडे. म्हटलं तर ही पण एक चाळणीच. पण नकाशावर आकडे शोधता येण्याइतकीच बारीक.