'पेओला' : व्युत्पत्ती आणि अर्थ

गाण्याचा प्रसार व्हावा म्हणून ते गाणाऱ्यास वा वाजविणाऱ्यास गुप्तपणे दिलेला मोबदला, या अर्थी 'पेओला' हा शब्द 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील संगीतव्यवसायाच्या बोलीत रूढ झाला. मराठीतील 'लाच' वा 'चिरीमिरी' या शब्दांत प्रसिद्धीचा हेतू अंतर्भूत नाही. त्यामुळे त्यास नेमका प्रतिशब्द सापडत नाही.

'पे' म्हणजे पैसे देणे आणि 'व्हिक्ट्रोला' हे 1906 मध्ये विक्रीस आलेल्या ग्रामोफोनचे नाव, यांच्या संयोगातून हा शब्द झाला, असे सर्रास सांगितले जाते. ही व्युत्पत्ती चटकदार खरी, पण अपुरी वाटते. 'पिआनोला' हे नाव व्हिक्ट्रोलाच्याही आधीचे; 'मोटोरोला' 1930 चे. 'ओला' हा प्रत्यय विक्रेय वस्तूंच्या नावांत असा रुळला होता. तेव्हा एका यंत्रापेक्षा या प्रत्ययातच शब्दाचे मूळ शोधणे अधिक सयुक्तिक होय. लाचेलाही बाजारातील मालासारखे नाव मिळाले, ही त्यातील खोच.

प्रथा मात्र शब्दाहून जुनी. व्हॉडव्हिल रंगभूमीवरील गायकांनी आपलीच गाणी म्हणावीत म्हणून स्वरलिपींचे प्रकाशक त्यांना पैसे देत. हा प्रकार आवरण्यासाठी प्रकाशकांनी 1917 मध्ये स्वतःची संघटना स्थापन केली. त्यातून तो थांबला नाही. पुढे गायकाच्या जागी रेडिओवर तबकड्या वाजविणारा निवेदक आला.

1960 मध्ये ओरेन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या उपसमितीने या व्यवहाराची जाहीर चौकशी केली, तेव्हा कायद्यातील उणीव उघड झाली. पैसे घेऊन कार्यक्रम प्रसारित केल्यास तसे श्रोत्यांना सांगण्याचे बंधन 1934 च्या कायद्याने केंद्रावर घातले होते. गुपचूप पैसे घेणारा निवेदक त्यातून निसटे. प्रसिद्ध निवेदक ॲलन फ्रीड यांच्यावर खटला झाला तो न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी लाचविषयक कायद्याखाली. डिसेंबर 1962 मध्ये त्यांनी दोन आरोप मान्य केले. दंड झाला 300 डॉलर.

तत्पूर्वीच, 1960 च्या दुरुस्तीने असा मोबदला केंद्रास न कळविणे हा गुन्हा ठरविला होता. कमाल शिक्षा 10,000 डॉलर दंड, एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. पैसे देऊन गाणे वाजविणे कायद्याने निषिद्ध नाही. ते लपविणे निषिद्ध आहे. व्यवहारात 'पेओला' शब्द देण्याघेण्यावर बोट ठेवतो, कायदा मौनावर. 2005 मध्ये सोनी बीएमजी कंपनीने न्यूयॉर्क राज्याशी 1 कोटी डॉलरची तडजोड केली, तेव्हाही वृत्तपत्रांनी योजिला तो हाच जुना शब्द.