बंदुकीच्या दस्त्यावरील नक्षी आणि आपले सुतार

आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती नावांची. सभामंडपाचा खांब कोणी कोरला, हे सांगणारा कागद क्वचितच हाती लागतो. बंदुकीच्या दस्त्याविषयी तर ही उणीव फारच जाणवते. अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी'त अकबराच्या बंदुकांचे वर्णन केले आहे. लोखंडाचे वजन, ते कोठून आणले, कारागिराचे नाव, स्थळ, तारीख व क्रमांक इतके सर्व प्रत्येक बंदुकीवर कोरीत असत. या यादीत लाकडाचा उल्लेखही नाही!

वास्तविक त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीची अर्धी शोभा दस्त्यातच असे. हस्तिदंताचे व हाडाचे तुकडे जडवलेले, पितळी फुल्या ठोकलेले असे सडपातळ दस्ते आजही वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. पुढे कवायती पलटणी आल्या. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बोयनच्या फौजेसाठी आग्र्यास बंदुका तयार होऊ लागल्या. शेकडो बंदुका एकसारख्या हव्यात तेथे नक्षीला अवसर कोठला? नक्षी उरली ती शिकारीच्या व घरगुती बंदुकीपुरती.

आमचे आजोबा कोकणात ठासणीच्या बंदुकांचे दस्ते करीत. ही विद्या ते आपल्या वडिलांजवळ शिकले. पहिले कित्येक महिने केवळ पटाशीला धार लावणे, एवढेच काम. मग टाकाऊ शिसवीवर सरळ रेघा. त्या साधल्यावर तिरप्या रेघांची जाळी. ही जाळी निव्वळ शोभेची नव्हे; घामेजलेल्या हातातून बंदूक निसटू नये म्हणून ती असते. कमळ, वेल, पाने यांची पाळी सर्वांत शेवटी. नळीची खाच व चापाची जागा आधी कोरून, लोखंड नीट बसल्यावाचून नक्षीला हात लावावयाचा नाही, हा दंडक होता. जेथे गाल टेकतो तेथे उठाव नको. आणि दस्त्याची मान, जेथे लाकूड सर्वांत बारीक होते, तेथे रेषा लाकडाच्या शिरेबरोबर वळलेल्या हव्यात व पटाशी खोल जाता कामा नये.

आजोबांनी ऐन उमेदीत हा नियम मोडला. मानेभोवती त्यांनी सुरेख वेल खोल कोरली. चौथ्या की पाचव्या बाराला दस्ता मानेतच चिरला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पणजोबांनी शब्दानेही रागावता नवा दस्ता त्यांच्याकडूनच करवून घेतला, तोही बिननक्षीचा. जवसाचे तेल तळहाताने आठ दिवस चोळण्याचे कामही त्यांनाच दिले.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदुका बनविण्यास व विकण्यास परवाना आवश्यक झाला. पुढे १९५९ चा कायदा आला. त्यात दुरुस्तीसही परवाना लागू झाला. विलायती बंदुका तर दस्त्यासकट तयार येत. आमच्या वडिलांनी दारे-खिडक्या करण्यात आयुष्य काढले. सगळा दोष कायद्याचा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. घराबाहेरच्या मुलास हे काम दाखवावयाचे नाही, ही आपलीच रीत होती. आणि घरातली मुले आमच्यासारखी खडू-फळ्याकडे वळली.

आजोबांचा एक अपुरा दस्ता आमच्या माळ्यावर आहे. त्याच्या तळाशी लोखंडी पट्टी आहे. गतवर्षी ती काढली तेव्हा आत, लाकडावर, बारीक अक्षरांत त्यांचे नाव व गाव कोरलेले आढळले.