चुकलेलं नाणं

आमच्या हिवरा आश्रमात कुणी जुनं नाणं दाखवायला आणलं की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, याचे किती येतील?" मोबाईलवर व्हिडिओ आल्यापासून त्यात दुसऱ्याची भर पडलीय, "हे मिस्टेकचं आहे ना?" परवा आत्यानेही फोनवर हेच विचारलं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त दाखवली जाते ती शिवराई. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा या तांब्याच्या नाण्यावर इकडे जीव असणारच. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं महाराजांच्या नंतरही, अगदी पेशवाईतही पाडलं जात होतं. दोन आडव्या रेघांची 'दुदांडी' त्या नंतरच्या काळातली. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. कुठे 'पति'चा अर्धा भाग गायब!

पण याला चूक म्हणायचं का? तांब्याची चकती ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं मावायचीच नाहीत. टांकसाळी अनेक, ठसे कोरणारे हात अनेक. जिथे दोन नाणी सारखी नसतात, तिथे वेगळेपण हीच रीत.

यंत्राच्या नाण्याचं तसं नाही. तिथे चकती एका कड्यात बसते, म्हणून छाप सरकलेलं नाणं खरोखर दुर्मिळ. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर कातर आली की नाण्याचा चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. अशा वेळी बरोबर समोरच्या बाजूची कडही बऱ्याचदा पुसट उठते. कानस लावून तुकडा काढला असेल तर ती कड ठसठशीत राहते. दोन्हीकडे एकच छाप दिसली, तर आधी कडेच्या आत बारीक सांधा शोधा. दोन नाणी घासून जोडलेली असतात.

चूक टांकसाळीचीच असते असंही नाही. १९११ मध्ये पंचम जॉर्जचा रुपया आला. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि ते बिथरले. सरकारने ती नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ मध्ये सोंड नीट दिसेल असा हत्ती कोरला. यंत्राने काम चोख केलं होतं, चुकलं ते चित्र. आज संग्राहक त्याला 'पिग रुपी' म्हणतात.

आता पैशांचं. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून आधी 'फी' मागणारे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि ती असलं शुल्क मागत नाही. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे आवर्जून सांगा. आणि शेतात नांगरताना नाण्यांचा गाडगा लागला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. गुपचूप वाटून घेतला की नाणी विखुरतात, आणि ती कुठे, कशासोबत सापडली हा इतिहासही जातो.

असो. देव्हाऱ्यात शिवराई असेल तर कृपा करून चिंच लावून घासू नका. तो काळपट थर तिच्या वयाचा दाखला आहे. घासली की नाणं चकचकीत होतं, पण ही मात्र आपली चूक, टांकसाळीची नाही.